तुमच्या वतीनं चाखलेलं

अहो, या रविवारी तुमच्या जागेवर मी लिहिते आहे. पेपरच्या शेखभाईंचा फोन आला होता. म्हणाले, "भाभी, नानांच्या 'आवडलं ते'ची जागा कोरी सोडायची नाही आणि तिथं जाहिरातही टाकायची नाही. तुम्हीच लिहा." मी म्हटलं, मला ब्लाउज बेतता येतो, लेख नाही. तर म्हणाले, "लेख नका लिहू. नानांशी बोला."

तेवढं जमेल असं वाटलं. आपलं सगळं आयुष्य त्यातच गेलं. अर्थात बोलायचात तुम्ही. मी मशीनवर बसून 'हूं' म्हणायचे.

आपला अमोल पुण्याला परत गेला. जाण्याआधी त्यानं तो वर-खाली होणारा पलंग परत पाठवला, औषधांची खोकी बांधून ठेवली, खिडक्या उघडल्या. खोली मोठी झाल्यासारखी दिसते. फरशीवर पलंगाच्या चाकांचे डाग पडलेत, ते काही निघत नाहीत. मी फिनेलनं घासून पाहिलं.

हे वाचून तुम्ही म्हणाला असतात, "सुमन, सुरुवातीलाच रडगाणं नको. घरी आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, मग घरचं दुखणं सांगायचं." तुम्ही वाचकांना पाहुण्यासारखं वागवायचात. आणि पाहुणे यायचेही. एसटी डेपोत कारकुनी करताना ड्रायव्हर-कंडक्टरांकडून कुठं काय चांगलं मिळतं ते तुम्ही गोळा करायचात, आणि रिटायर झाल्यावर तेच दर रविवारी लिहायला लागलात. लोकांना वाटायचं, नाना खाण्यावर लिहितात. तुम्ही कशावरही लिहायचात. बेलापूरचा एक न्हावी कानावरचे केस किती हळुवार काढतो. राहुरीला विद्यापीठात मेथीचं बी घ्यायला गेलात तर कुठल्या झाडाखाली बसून डबा खावा. पायपुसणं काथ्याचंच का घ्यावं. एकदा छत्रीवर लिहायचं होतं आणि पावसाचा पत्ता नव्हता, तर तुम्ही वरच्या टाकीचं पाणी वाहून जातं त्या पाइपाखाली छत्री उघडून उभे राहिलात. शेजारचे गच्चीतून बघत होते. मी आत येऊन दार लावून घेतलं.

पण नियम म्हणजे नियम. स्वतः वापरल्याशिवाय, खाल्ल्याशिवाय, त्या जागी बसल्याशिवाय ओळ लिहायची नाही. कुणी दुकानदारानं घरी बॉक्स पाठवला तर तुम्ही तो परत पाठवायचात आणि आठवडाभरानं गुपचूप गिऱ्हाईक म्हणून जाऊन यायचात.

मला यातलं काही कळायचं नाही. पोटात गेलं की झालं, असं माझं. तुम्ही भाजीत काय वेगळं लागतंय ते ओळखायचात आणि मी म्हणायचे, "लागत असेल." इतकी वर्षं एका ताटाशेजारी एक ताट मांडून आपण जेवलो आणि जेवण फक्त तुम्ही जेवलात.

एक गोष्ट मात्र तुम्ही कधी लिहिली नाहीत. ती तंबाखूची पुडी तुमच्या शर्टाच्या खिशात कायम असायची. धुवायला टाकताना मी ती काढून ठेवायचे, दर वेळी. एकदा म्हटलं, "एवढी आवडते तर हिच्यावरही लिहा की." तुम्ही हसलात. म्हणालात, "आवडतं ते सगळं सांगायचं नसतं."

जिभेच्या मुळाशी फोड आला तो त्यानंतर बऱ्याच काळानं. तुम्ही तो तिखटावर ढकललात, मग उष्णतेवर, मग दाताच्या कडेवर. पुण्याच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि बॅटरी बंद करून खुर्ची माझ्याकडं वळवली. पुढचं मी लिहीत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांच्या घरात झालेलं नाही त्यांना लिहून कळायचं नाही. शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायला तुमच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा केला होता. तो घालून तुम्हाला टेबलाला आवळायचे. बाहेर आलात की गालांवर, कपाळावर त्या जाळीचे वळ असायचे, आणि तुम्ही मला विचारायचात, "उमटलंय का?"

शेक संपवून घरी आलो तो दिवस मला विसरता येत नाही. मी चहा दिला. एक घोट घेऊन तुम्ही म्हणालात, "साखर विसरलीस." मी म्हटलं, घातलीय. तुम्ही उठून ओट्यापाशी गेलात, साखरेची चिमूट जिभेवर ठेवलीत. उभेच राहिलात. मग मिठाची चिमूट. मग डबा उघडून तिखटाची. मी हात धरला, म्हटलं आग होईल. तुम्ही म्हणालात, "आग होतेय गं. तिखट लागत नाहीये."

आणि तिथंच ओट्याला टेकून खाली बसलात. तोंडाभोवती लाल तिखट, डोळ्यांना पाणी. डॉक्टर म्हणाले होते की चव येईल, हळूहळू येते, कुणाकुणाची पूर्ण येत नाही. तुमची आलीच नाही. सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं, असं तुम्ही म्हणायचात, आणि मग म्हणायचात, "पुठ्ठाही बरा. त्याला निदान वास असतो."

सदर बंद होतं. तेव्हा वाचकांचे फोन यायला लागले. दुखण्याचं कुणाला ठाऊक नव्हतं, तुम्ही शेखभाईंनाही 'दातांचं काम काढलंय' एवढंच सांगितलं होतंत. फोन ठेवला की तुम्ही भिंतीकडं बघत बसायचात. मग एका सकाळी कपडे करून म्हणालात, "चल." मला वाटलं दवाखान्यात. तुम्ही मला माळीवाड्याजवळ एका गाडीवर नेलंत आणि एक प्लेट वडा-सांबार सांगितलंत. प्लेट माझ्यापुढं सरकवलीत.

"खा."

मी खाल्लं.

"कसंय?"

"चांगलंय."

"चांगलंय म्हणजे काय? आंबट आधी लागतं का तिखट? वडा आतून कोरडा आहे का? चिंच आहे का टोमॅटो?"

"मला नाही कळत हो ते."

तुम्ही टेबलावर हात आपटलात. आजूबाजूचे बघायला लागले. "तुला कळत नाही आणि मला लागत नाही. मग मी करू काय?" तुमचा आवाज तेव्हाच घोगरा झाला होता, ओरडताना फाटला.

मी दुसरा घास घेतला. डोळे मिटले. खरं सांगते, जन्मात पहिल्यांदा मी तोंडात काय आहे त्याकडं लक्ष दिलं. म्हटलं, "आंबट आधी. तिखट मागाहून येतं, घशापाशी. वडा वरून खरखरीत आहे, आत भिजलाय. चिंच आहे. गूळही आहे थोडा." तुम्ही चष्मा काढलात. म्हणालात, "अजून."

तसं सुरू झालं. आठवड्याला एखादी जागा. मी चाखायचे, तुम्ही विचारायचात, घरी येऊन तुम्ही लिहायचात. मला तुमचे शब्द येत नव्हते, म्हणून मी माझेच वापरायचे. एका ठिकाणच्या भाकरीबद्दल म्हटलं, नव्या मांजरपाट कापडासारखी आहे, हाताला कडक, आमटीत भिजली की अंगाला लागते. तुम्ही ते तसंच छापलंत. एक चटणी 'उलट्या बाजूनं इस्त्री केल्यासारखी' होती, तेही छापलंत. शेखभाईंचा फोन आला, "नाना, हल्ली काय लिहिताय तुम्ही! पहिल्यापेक्षा किती चांगलं!" फोन स्पीकरवर होता. मी समोर वाटाणे सोलत होते. तुम्ही म्हणालात, "वय झालं की जमतं." आणि माझ्याकडं बघितलं नाहीत.

मग दुखणं मानेत उतरलं. गळ्याला छिद्र पाडलं, आवाज गेला. नाकातून नळी घातली आणि तोंडानं खायचं संपलंच. सगळं मिक्सरमधून पातळ करायचं, गाळायचं, मोठ्या पिचकारीनं नळीत सोडायचं. वरण असो की दूध, तुमच्या दृष्टीनं एकच. तुम्ही पिचकारीकडं बघायचात आणि मी तुमच्याकडं बघायचं टाळायचे. माझं जेवण मी स्वयंपाकघरात दार ओढून घेऊन उरकायचे. एकदा तुम्ही दारावर टकटक केलीत. हातात अमोलच्या लेकीची पाटी होती. लिहिलं होतं, "बाहेर बसून जेव. काय केलंयस?"

त्या पाटीवर आपण भांडलो. ते भांडण अजून तुटलेलं नाही, म्हणून इथं काढते.

मी म्हटलं, आता तरी वाचकांना सांगा. तुम्ही खात नाही, मी खाते. तुम्ही लिहिलंत, "मी खोटं काय लिहितो? चव खरी आहे."

"चव खरी. जीभ तुमची नाही."

"वाचकाला चवीशी काम." पुसलंत.

"तुमचाच नियम होता ना, स्वतः खाल्ल्याशिवाय लिहायचं नाही?"

पाटीवरचं भांडण फार एकतर्फी असतं. पाटी तुमच्या हातात आणि पुसायचं फडकंही तुमच्याच हातात. मी उत्तर द्यायच्या आत तुमचं वाक्य नाहीसं व्हायचं. त्या दिवशी तुम्ही बराच वेळ खडू धरून बसलात. मग लिहिलंत, "सांगितलं तर लोक खाण्याचं वाचणार नाहीत. माझं वाचतील. बिचारा म्हणतील." तेही पुसलंत.

ते मला पटलं. पण राग उतरला नव्हता. मी म्हटलं, "मग निदान माझं नाव तरी घाला."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. गळ्याच्या छिद्रातून श्वासाची शीळ वाजत होती. मग तुम्ही पाटी पुसलीत. तिच्यावर काही लिहिलेलंच नव्हतं, तरी पुसलीत. मी म्हटलं ते चुकीचं नव्हतं. आजही म्हणेन.

दिवाळीला अमोल गाडी घेऊन आला तेव्हा तुम्ही पाटीवर लिहिलंत, "राहुरी. शेंगोळी." स्टँडच्या मागं हिराबाईंची खानावळ आहे, पत्र्याची, आत बाकडी. कुळथाच्या पिठाची शेंगोळी त्या करतात, लसूण घालून, रश्श्यात शिजवलेली. डेपोत होतात तेव्हापासून तुम्ही त्यांच्याबद्दल ऐकून होतात आणि जायचं राहून गेलं होतं. अमोल म्हणाला, "बाबा, हा प्रवास झेपायचा नाही." तुम्ही चप्पल घालून गाडीत जाऊन बसलात. तोंडाभोवती मफलर गुंडाळली होती, नळी दिसू नये म्हणून.

हिराबाईंनी मफलरमधूनही तुम्हाला ओळखलं. पेपरातला फोटो त्यांनी बघितला होता. त्यांनी स्वतः ताट आणलं आणि ते थेट तुमच्यापुढं ठेवलं. मी हळूच ते माझ्याकडं ओढलं.

"ओ बाई, तुमास्नी दुसरं आनते," त्या म्हणाल्या. "ह्ये सरांचं हाय."

मी म्हटलं, "मीच खाते. त्यांचं पोट बरं नाही."

"आसं कसं? एवढं लांब आलात आन् घास न्हाई घ्यायचा व्हय? मला लई वाईट वाटंल, सर. येक घास तरी घ्या."

सगळी खानावळ बघायला लागली होती. अमोल उठला, तुम्ही हातानं त्याला बसवलंत. आणि मफलर खाली ओढलीत. नळी, गळ्यातलं ते छिद्र, त्याच्याभोवतीची पट्टी, सगळं. आमच्याखेरीज आजवर ते कुणी पाहिलं नव्हतं.

हिराबाई पदरानं हात पुसत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "मंग ल्हिनार कोन?"

तुम्ही माझ्याकडं बोट केलंत.

त्या माझ्याकडं वळल्या. आवाज एकदम कडक झाला. "मंग तुमी नीट खा, बाई. नुसतं गिळू नका."

मी नीट खाल्लं. शेंगोळी बोटाएवढी, वरून गुळगुळीत, दातांखाली थोडी अडते आणि मग सुटते. कुळथाचा कडवटपणा शेवटी राहतो. रस्सा असा की बोलावंसं वाटत नाही. हिराबाई समोर उभ्या राहून माझ्या तोंडाकडं बघत होत्या, तुम्हीही बघत होतात. मी मोठ्यानं सांगत होते आणि खाता खाता मला रडू येत होतं. तुम्हाला वाटलं असेल, तुमच्यासाठी. अर्धं तसंच होतं.

दुसरं अर्धं सांगायचं राहिलं, ते आज सांगते. मला ते फार आवडलं होतं. नुसतं तेच नाही. ती भाकरी, ती चटणी, ते सांबार, सगळंच. तुम्ही उपाशी होत चाललात, हाडांवर कातडं उरलं, आणि त्याच वर्षी मला जेवणाची गोडी लागली. माझं वजन वाढलं. मी माझेच ब्लाउज उसवून सैल केले, तुम्ही झोपलेले असताना. तुमच्यापुढं बसून चव सांगताना मला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय म्हणून नकोसं व्हायचं. तुमच्या लक्षात आलं होतं का? येणारच. भाजीत काय कमी आहे ते नुसत्या वासावरून ओळखणारा माणूस. पण तुम्ही पाटीवर कधी काही लिहिलं नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

हिराबाईंवरचा लेख छापून आला त्या रविवारी तुम्ही डोळे उघडत नव्हतात. पुण्याच्या डॉक्टरांनी अमोलला फोनवर सांगितलं होतं की आता आणू नका. मी पलंगापाशी बसून लेख वाचून दाखवला. तुम्ही ऐकलात की नाही, माहीत नाही. त्यात एका जागी लिहिलंय, "आम्ही शेंगोळी खाल्ली." आम्ही. मी तिथं थांबले. आपल्या नगरकडं माणूस एकटा असला तरी स्वतःला 'आम्ही' म्हणतो. आम्ही आलो होतो, आम्ही म्हणलो. पण तुम्ही तसं कधी बोलत नव्हतात. इतक्या सगळ्या लेखांत तुम्ही 'मी' लिहिलंत. मग हे काय होतं? माझं नाव घाला म्हटलं होतं त्याचं उत्तर, की हात थकला म्हणून सुटलेला शब्द? मी तुम्हाला हलवून विचारलं. तुमच्या पापण्या हलल्या. श्वासानंही हलल्या असतील.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. दुपारी मी मिक्सर लावला होता, तुमचं पातळ करायला. भाताची पेज आणि वरण. मिक्सर बंद केला आणि घर शांत झालं. मिक्सरनंतर नेहमी शांत वाटतं, पण त्या शांततेत तुमची शीळ असायची. मी भांडं हातात धरूनच खोलीत आले. तुमचं तोंड खिडकीकडं होतं. हात लावायची गरज नव्हती, तरी लावला. मग ते भांडं कुठं ठेवायचं ते कळेना म्हणून मी तशीच उभी राहिले, अमोल येईपर्यंत.

माणसं खूप आली. शेखभाईंना गळ्याची पट्टी बघून धक्काच बसला, ते मागच्या पायरीवर जाऊन बसले. राहुरीहून हिराबाई आल्या. मला म्हणाल्या, "म्या कुनाला बोलले न्हाई." मी म्हटलं, माहीत आहे.

आता मी बोलते आहे. तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही म्हणाला असतात तसंच होईल, लोक बिचारा म्हणतील. म्हणू देत. पण मला आपलं भांडण एकटीनं डोक्यात चालवायचं नाही. तुम्ही होतात तोवर पाटी तुमच्या हातात होती. आता कागद माझ्यापुढं आहे.

इथवर लिहून मी कागद मशीनच्या खणात टाकला होता. द्यायचा की नाही ठरत नव्हतं. काल सकाळी तुमचा फोन वाजला. अमोल तो बंद करणार होता, मी राहू दे म्हटलं होतं.

"हॅलो, नाना हायेत का? बेलापूरहून बोलतोय. त्यांचा वाचक हाय मी."

मी विचारलं, काय काम होतं.

"काम म्हंजे... माझी आई हाय नगरला, दवाखान्यात. काय बी खाईना. गिळवत न्हाई तिला. नानांनी ल्हिलं हुतं, केडगावच्या डेअरीतल्या खरवसाचं. गिळावा लागत न्हाई, आपसूक उतरतो, आसं. कात्रन हाय माझ्यापाशी. म्हनलं विचारावं, कोनती डेअरी, सकाळचा घ्यावा का सांजचा."

ते वाक्य मीच सांगितलं होतं. खरवस तोंडात ठेवला तेव्हा मी तुमच्या घशाचा विचार करत होते.

मी त्यांना डेअरी सांगितली. पाण्याच्या टाकीपुढची, निळ्या फळ्यांच्या दाराची. सकाळचा घ्या, दुपारपर्यंत घट्ट होतो. डॉक्टरांना विचारून द्या. ते सगळं नीट ऐकत होते. मग म्हणाले, "नानांना सांगा हां, लई उपकार झाले."

मी म्हटलं, "नाना गेले. मागच्या पंधरवड्यात." आणि थांबता आलं असतं, पण थांबले नाही. "त्यांनाही गिळता येत नव्हतं. वर्षभर त्यांनी काही खाल्लं नाही."

पलीकडं दवाखान्यातले आवाज येत होते, कुणीतरी नर्सला हाक मारत होतं. मग ते गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, "आरारा... मंग त्यो खरवस?"

"तो आहे तसाच," मी म्हटलं. "मी खाल्लाय."